गव्हाविना आल्याचा केक

वाढदिवसाच्या टेबलावर केक येतो, मेणबत्त्या विझतात, टाळ्या वाजतात. पण ज्याचा वाढदिवस, त्यालाच त्या केकचा तुकडा देता येत नाही. ज्या घरात सीलिएक रोग असलेले मूल आहे, त्या घराला हा प्रसंग नवा नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन अशा व्यक्तीच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. अन्नातील सत्त्व शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजतात. मग पोट फुगते, रक्त कमी होते आणि मुलांची वाढ खुंटते. यावर ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच खात्रीचा उपाय आहे. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे शंभरात एका व्यक्तीला हा आजार आढळला होता. भात हेच मुख्य अन्न असलेल्या दक्षिणेत हे प्रमाण बरेच कमी आहे. मात्र निव्वळ शंका आली म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नये. गहू बंद केल्यावर रक्ततपासणीतून रोगाचा माग लागणे कठीण होते. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडता कामा नये.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायलाच वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे नेमके वर्णन केले आणि आहार हाच उपचार असावा असा अंदाजही बांधला; पण कोणता आहार, हे त्यांना उमगले नव्हते. पुढे कित्येक वर्षे अशा मुलांना केळ्यांवर ठेवले जात असे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हावर बोट ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव दुर्मिळ झाला. इतर मुले खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारत होती, आणि पाव परत मिळू लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा या विषयावरील प्रबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

पथ्य ठरल्यावर घरोघरी पहिला प्रयत्न होतो तो पाव किंवा हलक्या स्पंज केकचा, आणि तो बहुधा फसतो. पाव बसतो, केक हातात घेताच भुगा होतो आणि गव्हाविना काही जमत नाही असा समज पक्का होतो. खरे तर सुरुवात करावी ती आल्याच्या केकपासून. गव्हाची उणीव ज्याला सर्वांत कमी जाणवते, असा हा पदार्थ आहे.

याचे कारण ग्लुटेनच्या कामात आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते तिंबले की ग्लुटेनचे धागे एकमेकांत गुंफले जातात आणि कणकेला तार येते. पुरणपोळी न फाटता लाटता येते ती या तारेमुळे, आणि पावातील हवा अडकून राहते तीही याच जाळ्यामुळे. केकचे गणित मात्र नेमके उलटे आहे. केक करणारी प्रत्येक गृहिणी मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटायचे नाही हे जाणते, कारण घोटले की ग्लुटेन तयार होते आणि केक चिवट होतो. भरपूर साखर आणि लोणी घालण्यामागेही ग्लुटेनला आवर घालणे हा एक हेतू असतोच. केकचा सांगाडा मुख्यतः शिजलेल्या पिठूळ सत्त्वावर आणि अंड्यातील घट्ट झालेल्या प्रथिनांवर उभा राहतो. त्यातही आल्याचा केक मुळातच दाट, काळसर, ओलसर आणि मसालेदार असतो. त्याच्याकडून कोणी पिसासारख्या हलकेपणाची अपेक्षा करीत नाही.

युरोपात मध्ययुगात या केकचा पूर्वज पावाचा चुरा, मध आणि मसाले एकत्र मळून केला जात असे. त्याला लागणारे आले आणि मिरी समुद्रमार्गे पूर्वेकडून जाई. पुढे उसाची काळी मळी स्वस्त झाली आणि तिने मधाची जागा घेतली. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात पार्किन नावाचा आल्याचा केक ओटच्या पिठाने आणि काळ्या पाकाने करतात व ५ नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्री खातात. म्हणजे केवळ गव्हावर अवलंबून न राहण्याची रीत त्याच्या घराण्यातच आहे. कोकणालाही हा प्रकार परका वाटू नये. तांदळाच्या कण्या, गूळ, खोबरे आणि जून काकडी घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेले धोंडस हा तर गव्हाविना केकच. भट्टीऐवजी निखारे, एवढाच काय तो फरक.

आता पिठाकडे वळायला हवे, कारण खरा धोका तिथे आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मका यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. मराठी घरातील उपासाचा डबा त्या दृष्टीने जवळजवळ संपूर्ण निर्धोक म्हणावा लागेल. पण धान्य निर्धोक असले म्हणून पीठ निर्धोक ठरत नाही. गिरणीत ‘कशावर दळले?’ हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. गव्हावर ज्वारी दळली तर भाकरी बिघडते, एवढाच आजवर त्या प्रश्नाचा अर्थ होता. सीलिएक रोग्यासाठी तोच प्रश्न प्रकृतीचा होतो. भारतात ‘ग्लुटेन फ्री’ असे लिहायचे तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. सपाट चमचाभर मैद्यात साधारण २०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असते. तेवढा मैदा ८०० ग्रॅमच्या केकमध्ये गेला, तर ही मर्यादा दहापटींहून अधिक ओलांडली जाते. पाट्यांच्या फटीत आणि गिरणीच्या पिशवीत एवढे पीठ सहज दडून बसते. म्हणून तांदूळ-ज्वारी घरघंटीवर दळावी आणि त्या घरघंटीवर गहू कधीच दळू नये. नाहीतर तसा स्पष्ट उल्लेख असलेले बंद पाकीट आणावे. चाळणी आणि लाकडी डाव वेगळे ठेवावेत, कारण जाळीतले आणि लाकडाच्या भेगांतले पीठ धुतले तरी निघत नाही. बेकिंग पावडरमध्ये कधी कधी गव्हाचे सत्त्व मिसळलेले असते. बाजारी हिंगात मैदा असणे तर नित्याचेच. हिंगाचा केकशी संबंध नाही, पण ज्याने केकसाठी एवढी खबरदारी घेतली त्याची आमटी फोडणीत फसू नये.

ज्याला सीलिएक नाही, केवळ हलके वाटते म्हणून गहू टाळायचा आहे, त्याने हा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही. खबरदारी आजारासाठी आहे, फॅशनसाठी नाही.

एकाच पिठाने केक करण्याचा मोह टाळावा. नुसत्या तांदळाच्या पिठाने केक रवाळ लागतो, नुसत्या ज्वारीने किंचित कडवट, आणि नुसत्या कॉर्नफ्लोअरने रबरासारखा. तिन्ही मिळून एकमेकांचे दोष झाकतात. तांदळाचे पीठ मोदकाला घेतात तसे, धुऊन वाळवून अगदी बारीक दळलेले असावे. ज्वारीऐवजी नाचणी घेतल्यास रंग अधिक गडद येतो. ग्लुटेनची थोडी चिकटाई भरून काढण्यासाठी परदेशी पाककृतींत झॅन्थन गम सांगितलेला असतो. आपल्याकडे कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळणारा साधा, बिनचवीचा इसबगोल तेच काम करतो.

आल्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ओले आले आणि सुंठ यांना एकच समजणे ही या केकमधली नेहमीची चूक आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो, त्याचे वाळताना अधिक तिखट अशा दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते. म्हणून सुंठ घशाला झोंबते. तेच ओले आले शिजवले की तिखटपणा उतरतो आणि गोडसर सुवास मागे राहतो. सुंठेने धग येते, ओल्या आल्याने गंध. केकला दोन्ही हवेत. साताऱ्याकडचे आले बाजारात सहज मिळते. कोवळे निवडावे, जून आल्याच्या दोऱ्या दातांत येतात. कच्च्या आल्यात प्रथिनांचे तुकडे करणारे एक पाचक द्रव्य असते आणि त्याने दूध नासते, हे चहा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून केकमध्येही आले आधी गुळाच्या पाकात गरम करून घ्यावे आणि दूध नंतर घालावे.

परदेशी कृतीतील काळ्या पाकाच्या जागी काकवी घ्यावी. ती नुसती पर्याय म्हणून नव्हे, चवीला सरस म्हणून. काकवी किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे सोड्याला फुलायला आधार मिळतो. तिच्यातील शर्करा हवेतील ओलावा धरून ठेवतात, आणि गव्हाविना केक लवकर कोरडा पडण्याचा जो मुख्य दोष, तो इथे बराचसा टळतो.

साधारण ८ ते ९ इंच लांबीच्या, पावाच्या साच्यासाठी प्रमाण असे: तांदळाचे पीठ १२० ग्रॅम, ज्वारीचे ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, इसबगोल १ छोटा चमचा, सुंठ २ छोटे चमचे, दालचिनी पूड १ छोटा चमचा, लवंग व जायफळ पूड प्रत्येकी पाव चमचा, मीठ पाव चमचा. लोणी १०० ग्रॅम, चिरलेला गूळ १३० ग्रॅम, काकवी १०० ग्रॅम, किसलेले आले १ मोठा चमचा, दूध १५० मिलिलिटर, दही २ मोठे चमचे, अंडी २ आणि खाण्याचा सोडा सपाट १ छोटा चमचा. मसाले अख्खे आणून घरीच कुटावेत. सुट्या पुडीत काय मिसळले आहे ते कळत नाही.

लोणी, गूळ, काकवी आणि आले जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून गूळ विरघळू द्यावा. एक-दोन बुडबुडे दिसताच उतरवावे आणि कोमट होऊ द्यावे. इथे घाई केली तर गरम गुळाने दूध फाटते. मग दूध, दही व फेटलेली अंडी घालून ढवळावे आणि सोडा वगळून बाकीचे कोरडे साहित्य चाळून त्यात मिसळावे. इसबगोल चाळणीत अडकला तर वरून घालावा. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा पातळ दिसेल. तसेच ते अर्धा तास झाकून ठेवावे. या अर्ध्या तासात तांदळाचे पीठ पाणी पिते, इसबगोल फुगतो आणि मिश्रण दाट होते. ही विश्रांती गाळली तर केक रवाळ लागणार हे निश्चित. इथे मिश्रण जास्त ढवळले गेले तरी भय नाही, कारण चिवट व्हायला ग्लुटेनच नाही. सोडा मात्र शेवटी, चमचाभर दुधात विरघळवून घालावा आणि लगेच मिश्रण साच्यात ओतावे. हौस असल्यास आलेपाकाच्या वड्यांचे बारीक तुकडे वर पसरावेत.

साचा लांबट आणि अरुंद घेण्यालाही कारण आहे. या मिश्रणाला स्वतःचा ताठा कमी असतो. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ असल्या की ते त्यांच्या आधाराने वर चढते. रुंद थाळ्यात तेच मधोमध बसते. साच्याला आतून कागद लावावा. १६० अंश सेल्सिअसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ५० ते ६० मिनिटे भाजावा आणि पहिली ४० मिनिटे दार उघडू नये. मध्यभागी खुपसलेली विणकामाची सुई कोरडी निघाली की केक झाला. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये तळाशी मिठाचा थर देऊन, शिटी आणि गॅसकेट काढून, पाणी न घालता मंद आचेवर गोल डब्यात तो भाजता येतो. रंग थोडा फिका येतो, चव तीच राहते.

अंडे न खाणाऱ्या घरांची अडचण खरी आहे. ग्लुटेन नाही आणि अंडेही नाही म्हटल्यावर केकला आधार उरतो तो फक्त शिजलेल्या पिठाचा. अशा वेळी लांबट साच्याचा हट्ट सोडावा. इसबगोल दुप्पट करावा, अंड्यांच्या जागी अर्धी वाटी दही घ्यावे आणि मिश्रण छोट्या वाट्यांत २० ते २५ मिनिटे भाजावे. लहान आकार कोसळत नाही.

भाजलेला केक गरम असताना कापू नये. निवताना त्यातील सत्त्व घट्ट होते. त्याआधी सुरी लावली तर चुरा होतो आणि दोष उगाच पिठावर जातो. पूर्ण निवल्यावर कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी काकवीचा ओलावा कडेपर्यंत पोहोचतो, मसाले मुरतात आणि केक पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. कोरड्या हवेत तो तीन-चार दिवस टिकतो, पावसाळ्यात मात्र दोन दिवसांतच बुरशीची शंका धरावी. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो लवकर कडक होतो. त्यापेक्षा कापून, प्रत्येक काप वेगळा गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. मुलाला दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाला जायचे असेल, तर त्यातला एक काप तासभर आधी बाहेर काढून डब्यात घालून द्यावा. डब्याबरोबर चमचाही घरचाच द्यावा, म्हणजे तिथल्या केकची सुरी त्याला लागणार नाही.