पेशवे दफ्तर: हिशेबाच्या कागदांतून उभा राहिलेला इतिहास

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पूर्वी ‘एलिएनेशन ऑफिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी इमारतीत, जतन केलेले पेशवे दफ्तर हे अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या इतिहासाचे सर्वांत विस्तृत लेखी साधन आहे. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला दफ्तराच्या परिभाषेत ‘रुमाल’ म्हणतात. असे सुमारे ३५ हजार रुमाल येथे असून, काही हजार इंग्रजी रुमाल वगळता त्यांतील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला तेव्हा शिवकालीन राजदफ्तराचा फार मोठा भाग नष्ट झाला, त्यामुळे या संग्रहाचा मुख्य भर शाहू महाराजांच्या कारकिर्दीपासून १८१८ पर्यंतच्या काळावर आहे. हे कागद लिहिणाऱ्या कारकुनांना इतिहास लिहावयाचा नव्हता. राज्याचा पैसा कोठून आला, कोणाच्या हाती गेला आणि कोणत्या हुकमाने गेला, याचा जाब देता यावा म्हणून ते लिहिले गेले. युद्ध, राजकारण आणि सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन यांचा एकत्र मागोवा घेण्याचे सामर्थ्य या दफ्तराला लाभले आहे ते या हिशेबी मुळामुळेच.

पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीला ‘हुजूर दफ्तर’ म्हणत, आणि तिचे चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे दोन मुख्य भाग होते. चालत्या दफ्तरात फडणिसाच्या देखरेखीखालील फड हे मुख्य खाते असून, गावोगावच्या वसुलाचे अंदाज बेहेडा या खात्यात आणि लष्करी चाकरीबद्दल तोडून दिलेल्या मुलखाचे हिशेब सरंजाम या खात्यात ठेवले जात. या सर्व खात्यांच्या नोंदी पुढे विषयवार व सालवार लावून त्यांची एकूण बेरीज मांडण्याचे काम एकबेरीज दफ्तर करी. रोजच्या जमाखर्चाच्या व आज्ञांच्या नोंदीला ‘रोजकीर्द’ म्हणत. तिच्यात स्वारीवरच्या पथकाचा पगार, देवस्थानाचे वर्षासन, दुष्काळामुळे दिलेली सूट आणि एखाद्या गुन्हेगारावर बसवलेला दंड या गोष्टी एकापाठोपाठ येतात. इतिहासग्रंथांनी पुढे लष्करी, राजकीय आणि सामाजिक अशी जी प्रकरणे पाडली, ती कारकुनाच्या लेखी एकाच दिवसाची कलमे होती.

असा कागद वाचणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. मोडीत आधी आडवी शिरोरेघ ओढून तिच्याखाली बोरूने, हात शक्यतो न उचलता, अक्षरे जोडत नेण्याची पद्धत असल्यामुळे शब्द तोडण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते. कालगणना त्याहून गुंतागुंतीची आहे, कारण वर्ष सुहूर सनाचे, महिना मुसलमानी आणि तारीख चंद्राची, असा तिहेरी मेळ त्यात असतो. सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे वर्ष सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होत असल्याने, प्रारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्यामुळे १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई आणि तिच्या आधीच्या पावसाळ्यातील, म्हणजे १७६० च्या, घडामोडी एकाच सुहूर सनात पडतात, आणि महिना न पाहता वर्ष ठरवणारा अभ्यासक घटनांचा क्रम सहज उलटा लावू शकतो.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनच्या प्रशासनाने हे कागद ताब्यात घेतले, ते नव्या सरकारला जमीनमहसुलाची माहिती हवी होती म्हणून. पुढे १८४३ मध्ये सुरू झालेल्या आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने, सारामाफीच्या जमिनी भोगणाऱ्यांचे हक्क तपासण्यासाठी याच दफ्तराचा आधार घेतला. ज्या कागदांवर सरकारचा महसूल अवलंबून होता ते सांभाळले गेले खरे, परंतु त्याच कारणाने खाजगी संशोधकांना त्यांचे दरवाजे दीर्घकाळ जवळजवळ बंद राहिले. दरम्यान नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका करून मूळ साधनांचा आग्रह धरला होता, वि. का. राजवाडे यांनी सरकारी दफ्तराबाहेर, घरोघरच्या जुन्या कागदांचा शोध घेऊन १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सरकारी दफ्तरातून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेली रोजनिशींची निवड विसाव्या शतकाच्या प्रारंभी छापली गेली, आणि १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रकाशित केले.

या खंडांनी युद्धेतिहासाचा पायाच बदलला. बखरींमध्ये पानिपतचा पराभव शौर्याच्या, हट्टाच्या आणि दैवाच्या भाषेत येतो. सरदेसायांच्या खंडांतील पानिपत प्रकरणाचे कागद आणि राजवाड्यांनी छापलेली पत्रे एकत्र ठेवली की रसद, वसूल, कर्ज आणि यमुना उतरण्यासाठी हव्या असलेल्या नावा हे प्रश्न पुढे येतात. मराठा सेनापती सदाशिवरावभाऊ उत्तरेतील मामलेदार गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा व धान्याचा तगादा लावतात तेव्हा, लढाईपूर्वीच छावणीला कोणत्या संकटाने घेरले होते हे स्पष्ट होते. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा पानिपतवरील ग्रंथ अशा अस्सल पत्रांच्या बारकाईने केलेल्या वाचनावर उभा आहे.

रोजच्या जगण्याचा इतिहासही याच मार्गाने लिहिता आला. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्यात गावचे अधिकारी, बलुतेदार आणि भाऊबंद यांची गोतसभा बसे आणि तिच्या निवाड्याचा ‘महजर’ लिहिला जाई. त्यावर लिहिता न येणारे साक्षीदार आपापल्या व्यवसायाची निशाणी काढत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेचा आणि हिरोशी फुकाझावा यांनी ग्रामसमाजाचा व जातिव्यवस्थेचा अभ्यास केला तो अशाच कागदांवरून, आणि त्यातून गाव हे स्थिर व निमूट खेडे नसून हक्कांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडणारा समाज होता हे दिसून आले.

तथापि राज्यसंस्थेच्या नजरेला जे दिसले तेच दफ्तरात उतरले आहे. स्त्रिया, कुणबिणी, म्हणजे गुलामगिरीतील दासी, आणि गावकुसाबाहेरच्या जाती यांची नावे प्रामुख्याने कर, तंटा, विक्री किंवा शिक्षा यांच्या निमित्ताने येतात, आणि त्यांचे स्वतःचे म्हणणे बहुधा कारकुनाच्या शब्दांत मिळते. छापील निवडीलाही मर्यादा आहे, कारण संपादकाने काय निवडले यावर वाचकाचा इतिहास ठरतो, आणि ४५ खंड हा या संग्रहाचा अगदी लहान अंश आहे. कागदांची छायाचित्रे घेतल्याने कागद टिकतील, परंतु ते वाचले जाणार नाहीत. त्यासाठी मोडी, सुहूर सन आणि जमाखर्चाची परिभाषा या तिन्हींवर प्रभुत्व असलेले अभ्यासक विद्यापीठांनी घडवले पाहिजेत आणि रुमालांच्या तपशीलवार वर्णनात्मक सूची सर्वांना उपलब्ध झाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात इतिहासाच्या नावाने वाद पुष्कळ होतात. त्या वादांत पुराव्याने बोलावयाचे असेल, तर या दफ्तराच्या वाचनावर होणारा खर्च ही समाजाची प्राथमिक जबाबदारी मानावी लागेल.