वारीतली पंगत

वारीविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेचे लेखन होते. एक भारावलेले. त्यात पालखी दिसते, पताका दिसतात, माणूस मात्र दिसत नाही. दुसरे आपल्या चळवळीतले, वारीला एका वाक्यात निकालात काढणारे. आणि ते लिहिणाऱ्याने बहुधा त्या रस्त्यावर पाऊल ठेवलेले नसते. मी या दुसऱ्या गटातला. वर्गात संतवाङ्मय शिकवताना 'भागवत धर्माची समता' हे शब्द फळ्यावर लिहायचे आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचे, एवढीच माझी चिकित्सा होती. २०२३ च्या जूनमध्ये सासवडपासून पंढरपूरपर्यंत ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चाललो. त्यातून जे कळले ते मांडतो आहे.

आमच्या घरात १९५६ नंतर देव नाही. त्याआधी आजा वारकरी होता. धर्मांतर झाल्यावर देव्हाऱ्यातले टाक त्याने नदीत सोडले, त्यांच्याबरोबर गळ्यातली तुळशीची माळही सोडली. पण विठ्ठलाला त्याने कधी शिवी दिली नाही. वारीचे विचारले की एवढेच सांगायचा, "चालताना आमाला माऊली म्हनायचे. जेवाय बसायच्या टायमाला म्हारं कुनीकडं बसल्यात ते इचारायचे." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचा नातू वारीला निघाला म्हटल्यावर वस्तीत कुजबुज झाली. ती रास्त होती. मी माळ घालायला नव्हे, आजाचे वाक्य तपासायला निघालो होतो. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार?

बरोबर दोघे मित्र होते. एक आमच्याच महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मराठा, घरात तीन पिढ्यांची वारी. दुसरा आमच्या वस्तीतला, बालवाडीपासूनचा सोबती, वायरमन. तू कशाला येतोस, असे विचारले तर म्हणाला, "तू चाललायस म्हणून."

बाहेरून पाहणाऱ्याला वारी म्हणजे लोकांचा लोंढा वाटतो. तो गैरसमज आहे. वारी ही अतिशय काटेकोर रचना आहे आणि तिचा घटक माणूस नाही, दिंडी आहे. आळंदीच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. चोपदार, घोडे, नगारा, मुक्कामाचे तळ, सगळ्यावर लष्करी छाप आहे ती त्यामुळेच. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या शेकडो रथामागे, आणि प्रत्येकीला क्रमांक. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. दिंडीचा स्वतःचा ट्रक असतो, तंबू, पाण्याचा टँकर, आचारी. खर्चासाठी प्रत्येकाने भिशी भरायची. म्हणजे तुम्हाला झोपायला जागा कुठे, जेवायला पंगत कुठली, आजारी पडलात तर विचारणार कोण, हे सगळे तुमची दिंडी ठरवते. आणि दिंडी कोण ठरवते? गाव, भावकी, फड, गुरुपरंपरा. इथे जात लिहून ठेवावी लागत नाही. ती गावाबरोबर आपोआप चालत येते.

ज्यांना दिंडी नाही तेही हजारोंनी चालतात. त्यांना 'मोकळा समाज' म्हणतात. शब्द छान आहे. मोकळा म्हणजे वाटेत कुणी वाढेल ते खाणारा आणि दुकानाच्या फळीखाली झोपणारा.

या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जी पाहून मी खरोखर थक्क झालो. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सगळे शांत. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदाराला त्या दिंडीपाशी जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते. ते ऐकले गेल्याशिवाय टाळ थांबत नाही. इतक्या मोठ्या समुदायासमोर दाद मागण्याची ही रीत आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावी अशी आहे. मात्र टाळ दिंडीचा असतो. एकट्या माणसाने वाजवलेला टाळ तक्रार ठरत नाही.

हे मला तिसऱ्याच दिवशी कळले. इतिहासवाल्या मित्राच्या ओळखीने आम्ही रथामागच्या एका दिंडीत होतो. पहिल्या दिवशी गाव विचारले, आडनाव विचारले, "म्हणजे कुणापैकी?" असेही विचारले. आम्ही सांगितले. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. तंबूत जागा मिळाली, पंगतीत शेजारी शेजारी बसलो. मनात म्हटले, आजा, तुझे वाक्य जुने झाले.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. धुळीने आणि उन्हाने सगळे करपून गेले होते. दुपारच्या विसाव्याला वाढप्ये कमी पडले म्हणून इतिहासवाला उठला, त्याने भाताचे घमेले घेतले. वायरमनही उठला, आमटीची बादली उचलली. चार पानांवर वाढून झाले असेल नसेल, एक वयस्कर गृहस्थ आले आणि हसत हसत बादली त्याच्या हातातून घेऊन म्हणाले, "राहू द्या माऊली, तुम्ही पाहुणे. बसा." पाहुणा तर इतिहासवालाही होता. त्याचे घमेले त्याच्या हातातच राहिले.

शिवी नाही, अपमान नाही, 'माऊली' म्हणूनच बोलले. वेगळे बसवण्याचे दिवस गेले, हा बदल खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात नोंदवलेली वारी याहून कठोर आहे. तिथे एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे चालत एकत्र, गात एकत्र आणि जेवत वेगळे. आज खायला एकत्र बसता येते. पण खाणारा होणे आणि वाढणारा होणे यांत अंतर आहे. खाणाऱ्याला अन्न मिळते, वाढणाऱ्याच्या हातचे अन्न दुसऱ्याने स्वीकारलेले असते. अस्पृश्यतेची गाठ इथे आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

रात्री इतिहासवाला दिंडीवाल्यांशी भांडला. "जुनी माणसं आहेत, मनावर घेऊ नका," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी तो वाढायला उठलाच नाही, आमच्या शेजारी येऊन बसला. मला बरे वाटले. वायरमनला नाही. तो म्हणाला, "त्यानं बसून काय झालं? मला वाढायचं होतं." संध्याकाळी आरतीला चोप वर गेला, आमच्या दिंडीचे टाळ बाकीच्यांबरोबर थांबले.

पुढच्या एका मुक्कामी पायाला फोड आले म्हणून मी पहाटे मागे राहिलो. पालखी गेल्यानंतरचा तळ बहुतेक वारकरी कधी पाहत नाहीत. पत्रावळ्या, द्रोण, प्लास्टिक, आणि मैदानाच्या कडेला जे असायचे ते. हल्ली मार्गावर फिरती शौचालये असतात. पण तीही कुणीतरी धुवावी लागतात. झाडू घेतलेल्या एका बाईला विचारले, मावशी, तुम्ही कुठल्या? त्यांनी गाव सांगितले, मग माझ्याकडे नीट पाहून वस्तीही सांगितली. आपलीच माणसे. मैला हाताने उचलायला लावण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली दुसरा कायदा झाला. तरी यात्रेनंतर पंढरपुरात काय उचलावे लागते हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. पालखीच्या आधी आणि पालखीच्या मागे ही माणसे सगळा मार्ग तुडवतात. त्यांना क्रमांक नाही, वीणा नाही, टाळ नाही.

पंढरपुरात आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो नाही. महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ चोखोबाची समाधी आहे, तिथे थांबलो. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली तो गेला असे परंपरा सांगते. आत जाता आले नाही, दाराशी ठेवला गेला. ते दार आपल्यासाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आणि १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत चोखामेळा आहे. देव नाकारणाऱ्या माणसाने चोखोबाला नाकारले नाही. माझ्या आजाच्या गप्प राहण्याचा अर्थ मला त्या समाधीपाशी थोडासा लागला.

आता माझे काही विद्यार्थी विचारतात, सर, जावे का? मी त्यांना हो किंवा नाही सांगत नाही. जायचे तर दुसऱ्याच्या दिंडीत पाहुणे म्हणून जाऊ नका, एवढे सांगतो. वायरमनने त्याचा हिशेबच मांडला आहे. भाड्याचा टेम्पो किती, टँकर किती, मोठी भांडी वस्तीच्या बुद्धविहारातून मिळतील, टाळ विकत घ्यावे लागतील. कोणते अभंग म्हणायचे आणि विठ्ठलाचे नाव घ्यायचे की नाही, यावर आमच्यात रोज वाद होतो; तो मिटेल असे दिसत नाही. इतिहासवाल्याने परवा विचारले, मला घ्याल का? वायरमन म्हणाला, "ये की. पण वाढणार मी."