बालाघाटात कोणता हॅम रेडिओ सेट घ्यावा?

हातात मावणारा चिनी व्हीएचएफ सेट स्वस्त पडतो. पण बीड जिल्ह्यात गेवराईचा गोदाकाठ आणि पाटोद्याचं पठार यांच्यामध्ये बालाघाटचा डोंगर आडवा येतो. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत धावतात. डोंगर आला की आवाज गायब! शेजारच्या वाडीपुरतं बोलायचं तर ठीक, एरवी पैसे एचएफ सेटवरच घालावेत. 7 मेगाहर्ट्झची लहर आयनावरणावरून परत खाली येते, डोंगराला जुमानत नाही.

हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003च्या सुमारास घरी जोडता येणारा ‘बिटएक्स’ हा एचएफ सेट तयार केला. त्यातली एक कॉइल चक्क नळाच्या वायसरवर गुंडाळलेली! त्याचा पुढचा अवतार ‘मायक्रो-बिटएक्स’ 3 ते 30 मेगाहर्ट्झवर चालतो, 12 व्होल्टच्या बॅटरीवर. वीज गेली तरी अडत नाही. ताकद जेमतेम 10 वॅट. म्हणून महागड्या सेटपेक्षा अँटेनाकडे लक्ष द्या: 7 मेगाहर्ट्झसाठी साधारण 20 मीटर तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली, विजेच्या तारांपासून लांब.

परवाना मात्र आधी. दूरसंचार विभागाच्या परीक्षेत रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही.