जमिनीत जस्त आहे, मग पीक पिवळं का?

आज आपण नदीकाठच्या, नव्यानं लागवडीखाली आणलेल्या जमिनी आणि त्यांतले सूक्ष्म धातू यांबद्दल बोलणार आहोत. उदाहरण घेऊ जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचं.

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून खानदेशाची काळी, खोल जमीन घडवली. पण तापीच्या काठांवर पावसाच्या पाण्यानं मोठमोठ्या घळीही पडल्या. या घळी यंत्रानं सपाट करून लोकांनी शेतं केली. कुठे चोपण जमीन जिप्सम टाकून सुधारली. कुठे हलक्या रानावर धरणातला गाळ पसरला. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजनाच आहे. खर्च करून जमीन तयार होते, केळी किंवा कापूस लागतो, आणि कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मक्याच्या पानांवर पांढरट पट्टे दिसले तर संशय जस्तावर घ्यायचा.

इथे प्रश्न पडतो. आपली माती बेसाल्ट खडकाची, आणि बेसाल्टमध्ये लोह तर भरपूर असतं. मग कमतरता कशी?

जस्ताचा हिशेब मांडू. एक हेक्टर शेताच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 22 लाख किलो माती असते. दहा लाख भागांत 100 भाग, म्हणजे 100 पीपीएम जस्त धरलं, तर शेतात 220 किलो जस्त झालं. पण प्रयोगशाळेत आपण हे एकूण जस्त मोजत नाही. डीटीपीए नावाच्या द्रावणानं मातीतून सहज सुटणारा भाग तेवढा काढतो, कारण मुळांना मिळतो तो साधारण तेवढाच. लिंडसे आणि नॉरवेल यांनी ही पद्धत 1978 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जस्ताची मर्यादा 0.6 पीपीएम धरतात, म्हणजे हेक्टरी जेमतेम सव्वा किलो. त्याखाली गेलं की कमतरता. कोठार भरलेलं आहे, पण त्याला कुलूप आहे.

हे कुलूप म्हणजे चुनखडी आणि चढा सामू. सामू 7 वरून 8 वर गेला की जस्ताची विद्राव्यता सुमारे शंभरपट घटते, लोहाची हजारपट. घळी सपाट करताना वरची सेंद्रिय कर्ब असलेली माती खरवडली जाते आणि खालचा चुनखडीच्या खड्यांचा थर उघडा पडतो. म्हणून एकाच शेतात कापलेल्या बाजूला पीक पिवळं आणि भराव टाकलेल्या बाजूला हिरवं, असं दिसू शकतं. चोपण जमिनीत जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, सोडियम पाण्याबरोबर निघून जातो, सामू उतरतो. पण आठाच्या खाली सहसा येत नाही. म्हणूनच कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था सुधारलेल्या चोपण जमिनीत भातासाठी झिंक सल्फेटही द्यायला सांगते.

आता दुसरी बाजू. जे कुलूप जस्त अडवतं, तेच शिसं आणि कॅडमियमही बऱ्याच अंशी अडवून धरतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी कामिओका खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. तिथल्या ‘इताई-इताई’ या हाडांच्या आजाराचा प्रदूषणाशी असलेला संबंध सरकारनं 1968 मध्ये मान्य केला, आणि शेतं पूर्ववत करण्याचं काम 2012 पर्यंत चाललं. आपल्या चुनखडीच्या जमिनी त्या मानानं सुरक्षित. पण बेफिकीर राहता येत नाही. आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियम चढ्या सामूला उलट जास्त मोकळे होतात. शिवाय धातू कुजत नाहीत. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं पालेभाज्यांना दिलं, तर ते साठतच जातात.

मग करायचं काय? पहिलं, कापलेल्या आणि भरावाच्या भागांचे नमुने वेगळे घ्या. नमुन्याला जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली वापरू नका, नाहीतर बादलीचंच जस्त अहवालात येईल. प्लास्टिकचं घमेलं बरं. दुसरं, 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन हे रकाने असतात, ते नत्र-स्फुरद-पालाशाइतक्याच लक्षानं वाचा. तिसरं, जस्त कमी निघालं तर हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या. 25 किलोत खरं जस्त सव्वापाच किलोच असतं. लोहाचं मात्र वेगळं आहे: नुसतं फेरस सल्फेट चुनखडीत टाकलं की लगेच अडकतं. ते शेणखतात मुरवावं, किंवा अर्धा टक्का द्रावणाची फवारणी करावी. आणि स्फुरद गरजेपेक्षा जास्त देऊ नका, त्यानं जस्ताची कमतरता वाढते.

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो: धरणातला गाळ टाकावा का? टाकावा, पण आधी गाळाचीच तपासणी करावी. सामू, क्षार आणि चुनखडी बघावी. वरच्या अंगाला शहर किंवा कारखाने असतील, तर जड धातूही तपासून घ्यावेत. एकदा पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही. तपासणीचा खर्च त्या मानानं फार थोडा आहे.