कामावर चढण्यापूर्वीचा पाव तास

पावसाळा सरला की आपल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब, कोठेही जा. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, अर्धवट उभ्या भिंती, शेतात विहिरीवर उभी केलेली यारी असे चित्र दिसते. या धंद्यावर आपल्या किती घरांची चूल पेटते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. गवंडी, सेंटरिंगवाले, फरशी बसविणारे, वेल्डर, वायरमन, प्लंबर, रंगारी हे तर आहेतच. शिवाय सिमेंट, लोखंड, हार्डवेअर यांचे व्यापारी आणि प्लेटा भाड्याने देणारेही आहेत.

गेल्या काही दिवसांत आम्ही अशा सहा-सात कामांवर जाऊन आलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला. येथे माणसाच्या जिवाची काळजी घेण्यासाठी तपासणी कोण करतो? कोणी म्हणाले इंजिनिअर साहेब. इंजिनिअर साहेब स्लॅबच्या दिवशी येतात व सळया मोजून जातात. कोणी म्हणाले मालक, आणि मालक पुण्याला नोकरीत. एका तरुण सेंटरिंगवाल्याने वर बोट दाखवून सांगितले, "वरचा बघतोय." त्याच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदरच आहे, परंतु ज्या बल्लीवर तो उभा होता तिच्याखाली दोन विटा व एक फरशीचा तुकडा रचून ठेवला होता, आणि तो त्यानेच रचला होता.

एकाच ठिकाणी आम्हाला वेगळे उत्तर मिळाले. दुकानगाळ्यांवर दुसरा मजला चढवायचे काम होते. तेथील वयस्क मिस्त्री सकाळी माणसे येण्यापूर्वी हातात एक चिंधी व हातोडी घेऊन फिरत होते. चिंधी कशाला, असे आम्ही विचारले. ते लिफ्टच्या लोखंडी दोरावरून ती फिरवीत होते. दोरातील एखादी तार तुटली असेल तर चिंधी अडकते. हात फिरविला तर बोट फाटते. हातोडीने ते प्रत्येक टेकूला हलकेच ठोकून पाहत. ज्यावर भार आहे त्याचा आवाज भरीव येतो. मोकळा असेल तो नुसता हलतो. पाहाडाच्या दोऱ्या व फळ्या त्यांनी पाहिल्या, एक फळी टोकाला चिरलेली होती ती खाली फेकली. शिडीचा पाय थोडा बाहेर ओढला. चार फूट उंचीला एक फूट बाहेर आणि वरचे टोक स्लॅबच्या वर तीन फूट, हा त्यांचा हिशेब. पुस्तकातही तोच आहे. सगळे मिळून पाव तास गेला. "इतकेच?" आम्ही म्हणालो. "इतकेच. पण रोज," ते म्हणाले.

आमच्या मते तपासणी ही हीच. ती सरकारी माणूस गाडीतून येऊन करतो अशी आपली समजूत आहे, आणि ती समजूतच धोक्याची आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने जो कायदा केला तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांसाठी होता. आता तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, तरी दहाची अट तशीच आहे. आपल्याकडची बहुतेक कामे पाच-सात माणसांची. म्हणजे तेथे निरीक्षक येणारच नाही असे धरून चालावे. मग पाहणार कोण? ज्याच्या शब्दावर काम सुरू होते आणि थांबते तो, म्हणजे मिस्त्री किंवा गुत्तेदार.

मात्र निरीक्षक येत नाही म्हणून जबाबदारीही येत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. येथे व्यापारी बंधूंसाठी थोडे गणित मांडतो. कामावर मजूर दगावला तर नुकसानभरपाई कशी काढावी याचे सूत्र १९२३ च्या कायद्यात होते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तेच पुढे चालू ठेवले आहे. महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय ३० असेल तर हा आकडा २०७.९८ आहे. मजुरी महिना १५,००० रुपये धरा, निम्मी ७,५००, गुणाकार १५,५९,८५० रुपये. मालकाने ही रक्कम आधी भरली तरी ती गुत्तेदाराकडून वसूल करण्याची वाट त्याला मोकळी असते. वर्षभर राबून जो गुत्तेदार स्कूटर बदलू शकत नाही त्याने हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अपघातानंतर "तो प्यालेला होता", "हेल्मेट दिले होते, त्याने घातले नाही" अशा सबबी सांगितल्या जातात. किरकोळ दुखापतीत त्यांना कायद्यात जागा आहे. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर या सबबी चालत नाहीत. हेल्मेट खरेदी करून गोणीत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. (हेल्मेट घ्यायचेच तर आय.एस. २९२५ हा मानक क्रमांक पाहून घ्यावे. मोटारसायकलचे हेल्मेट घालून प्लॅस्टर करणारा एक जण आम्हाला भेटला. त्याला शेजारचे ऐकू येत नव्हते.)

आता स्लॅबविषयी. सर्वांत जास्त घाई येथे होते आणि तिचे कारण सरळ आहे: प्लेटांचे भाडे दिवसावर चढते. भारतीय मानक आय.एस. ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आणि तापमान १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या दिवसांचे आहेत. आपल्या दुकानांत आज बहुतेक पोझोलाना सिमेंट विकले जाते. ते सावकाश घट्ट होते. त्यात पौष-माघातील थंड रात्री आल्या तर आणखी दिवस धरावेत. सिमेंट विकणाऱ्या बंधूंनी पोत्यावरची अक्षरे गिऱ्हाइकाला वाचून दाखविली तर त्यात त्यांचे काही जात नाही. टेकू जमिनीत कशावर उभा आहे, हेही पाहावे. काळ्या मातीवर टेकू उभा केला आणि क्युरिंगचे पाणी खाली झिरपले की माती लोण्यासारखी होते. खाली जाड लाकडी फळी हवी, विटेचा तुकडा नव्हे.

हीच काळी माती पायाच्या खड्ड्यात दगा देते. उन्हात ती भिंतीसारखी उभी राहते, भेगा पडतात, आणि एका अवकाळी पावसात सगळी कड खाली येते. दीड मीटरहून खोल चर असेल तर बाजूंना आधार द्यावा किंवा उतार काढावा, असे मानक सांगते. उपसलेली माती काठावरच टाकू नये, किमान दीड मीटर दूर टाकावी.

शेजारी जुने माळवदाचे घर असेल तर दुप्पट सावध राहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्याने या घरांचा दोष सर्वांना दाखविला. बाहेरची व आतली अशा दोन दगडी भिंती, मध्ये भराव, दोघींना बांधणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे छत. सास्तूरसारख्या गावांत माणसे याच दगडामातीखाली गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली, आणि आपल्या भागातील अनेक गवंडी आरपार दगड, काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्याची सळई हे सारे शिकले. घर कसे तपासावे हे ते शिकले. पण तेच जुने घर पाडताना काय करावे याकडे मात्र कोणी पाहिले नाही. अशी भिंत खालून पोखरून ढकलण्याची पद्धत अजून दिसते. छताची माती आधी उतरवावी, मग लाकूड, मग भिंत वरून एकेक थर. दगड विकत घेणारा ट्रॅक्टर घेऊन थांबलेला असतो म्हणून हा क्रम बदलू नये.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. मिक्सर, व्हायब्रेटर, कटर यांच्या वायरींना पिन नसते. उघडी टोके सॉकेटमध्ये आगपेटीच्या काड्यांनी खोचलेली असतात. आम्ही पाहिलेल्या सहा-सात कामांपैकी चारांवर हेच होते. ३० मिलिअँपिअरला तोडणारा गळती-स्विच बसविला की ओल्या पायांनी उभा असलेला व्हायब्रेटरवाला वाचण्याची आशा वाढते. प्लॉटवरून उच्चदाबाची तार जात असेल तर महावितरणकडे आधी जावे. सळई बारा मीटर लांब असते, ती वर चढविताना तिचे मागचे टोक कोठे फिरते हे पुढच्याला दिसत नाही. शौचालयाच्या टाकीला आपल्याकडे 'सेफ्टी टाकी' म्हणतात, पण तिच्यासारखी दगाबाज जागा दुसरी नाही. नव्या बंद टाकीतील प्लेटा काढायला उतरतानासुद्धा झाकण बराच वेळ उघडे ठेवून आत हवा खेळवावी, आणि वर एक माणूस दोर धरून उभा असावा.

रोजाच्या दिवसांत दुपारनंतर उंचीवरचे काम ठेवू नये, ते सकाळीच उरकावे, ही सूचना आम्हाला त्याच वयस्क मिस्त्रींनी केली. ती आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आता विहिरीकडे वळतो, कारण आमच्या मते जिल्ह्यातील सर्वांत धोक्याचे काम हेच आहे आणि त्याला बांधकाम म्हणून कोणी मोजतही नाही. यारीचा लोखंडी दोर, त्याच्या टोकाच्या क्लिपा, बकेटचा आकडा या तीन गोष्टी रोज पाहायच्या. क्लिपा किमान तीन असाव्यात आणि सगळ्या एकाच बाजूने. क्लिपेची बसकण भार वाहणाऱ्या दोरावर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर. आम्ही पाहिलेल्या एका यारीवर तीनपैकी दोन उलट्या होत्या. चालविणारा म्हणाला, "दोन वर्षे अशाच आहेत." बकेट काठोकाठ भरू नये, वरून सुटलेला मुठीएवढा दगडही पन्नास फुटांवरून खालच्याचा जीव घेतो. बकेट वर जात असताना खालच्याने कडेला सरकावे, आणि माणसाने बकेटमध्ये बसून चढउतार करू नये. डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नाही, वास नाही. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढेच सांगते. इंजिनचा वायू असला तरी कंदील जळत राहतो. आणि खाली एक जण कोसळला तर दुसऱ्याने तसेच धावत उतरू नये. असेच एकामागोमाग एक भाऊ जातात.

विहिरीच्या कामातील एक प्रकार जून २०२३ मध्ये ढोकी पोलीस ठाण्याच्या हद्दीत उघडकीस आला. ढोकी व वाखरवाडी परिसरातील विहिरींवर परगावच्या मजुरांना दिवसभर राबवून रात्री साखळदंडाने बांधून ठेवले जात होते. त्यातील एक जण निसटून हिंगोली जिल्ह्यातील आपल्या गावी पोहोचला, त्याने तक्रार दिली, आणि पोलिसांनी ११ मजुरांची सुटका केली. दलालांनी त्यांना काही हजार रुपयांत गुत्तेदारांच्या हवाली केले होते.

कोणी म्हणेल, हा गुन्हा आहे, याचा सुरक्षेच्या तपासणीशी काय संबंध? आम्हाला तर संबंध फार जवळचा वाटतो. विहिरीच्या तळाशी कड सुटत असल्याचे पहिल्यांदा दिसते ते खालच्या माणसाला, काठावरच्याला नव्हे. त्याला "आज मी उतरत नाही" म्हणण्याची मुभा नसेल, तर चिंधी, हातोडी, क्लिपा सगळे व्यर्थ. साखळी हा त्याचा टोकाचा प्रकार झाला. पण उचल देऊन बांधलेला मजूर, थांबले तर त्या दिवसाची मजुरी कापली जाणारा बिगारी, हाही तोंड उघडत नाही. आम्ही नाक्यावरच्या मजुरांशी बोललो तेव्हा एकाने सरळ सांगितले, "फळी चिरलेली दिसते हो. पण सांगितलं तर दुसरी आणेपर्यंत आपलाच खाडा पडतो."

याचे उत्तर आम्ही त्या वयस्क मिस्त्रींकडे पुन्हा जाऊन विचारले. त्यांनी आपली वही काढून दाखविली. मालकाला दर देतानाच ते एक ओळ वेगळी लिहितात: पाहाड, कठडा, स्विच, हेल्मेट आणि 'थांबलेले दिवस' तीन. म्हणजे धोका दिसल्यामुळे काम थांबले तर तीन दिवसांपर्यंतची मजुरी मालकाकडून आधीच ठरलेली. वापरली नाही तर ती रक्कम मालकाला परत. काही मालक या ओळीमुळे दुसऱ्याकडे जातात, हेही त्यांनी लपविले नाही. या हंगामात अशी दोन कामे हातची गेली. पण त्यांच्याकडे कामाला माणूस मिळत नाही असे होत नाही.

त्याच वहीत शेवटच्या पानावर त्यांनी मजुरांची नावे व कामाचे दिवस लिहिले आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. नोंदीत कामगार कामावर मरण पावल्यास वारसांना ५ लाख व नैसर्गिक मृत्यू आल्यास २ लाख रुपयांचे साहाय्य मंडळाच्या योजनेत आहे. प्रमाणपत्र गुत्तेदाराने द्यायचे असते आणि नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. मिस्त्रींच्या वहीत अकरा नावे होती. त्यांपैकी चारांच्या पुढे लाल शाईने 'नूतनीकरण बाकी' असे लिहिले होते. त्या चौघांना घेऊन येत्या सोमवारी कार्यालयात जायचे आहे, म्हणून सोमवारी स्लॅब ठेवलेला नाही, असे ते म्हणाले.