माडीवरचे पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने जाहीर केले, की माडीवर माशांची पेटी ठेवायची. टेबलावर मावेल असले भांडे नव्हे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आमच्या पिढीने काचेआडचे मासे पाहिले ते मुंबईला, तारापोरवालात. आता ते अवसरी खुर्दच्या वाड्यात येणार म्हणून घरात उत्साह होता. आठी पडली ती माझ्याच कपाळाला. त्या खोलीच्या बरोबर खाली मोठ्या वहिनींचा पलंग आहे. वय चौऱ्याऐंशी. जागा बदला म्हटले, की "इथूनच जाईन" म्हणतात.

बँकेत जन्म काढलेला माणूस आधी बेरीज करतो. घनफूटभर पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. पेटी वीस घनफुटांची. वर दोन इंच मोकळे सोडले तरी पाणीच ५२० किलो. बारा मिलिमीटरची काच शंभर किलो. वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून सव्वासात क्विंटल तरी होतात. मंचरच्या बाजारातली पन्नास किलोची चौदा-पंधरा पोती, तीही दिवाणापेक्षा लहान जागेत!

"नाना, काकाच्या लग्नात माडीवर तीस माणसं जेवली की," नातू म्हणाला.

प्रश्न रास्त होता. पण माणसे खोलीभर पांगून बसतात आणि रात्री खाली उतरतात. पेटी एकाच जागी वर्षानुवर्षे उभी. सततच्या ओझ्याने लाकूड हळूहळू वाकत जाते. जमीन एका अंगाला खचली, की काचेच्या सांध्यावर ताण येतो.

गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथला एक विद्यार्थी आमचा भाडेकरू. त्याने पुस्तकच काढून दाखवले: राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. पेटीखाली तो पावणेआठशेवर जातो. अर्थात स्लॅब लगेच कोसळत नाही; भार आजूबाजूला वाटला जातो, आणि पेटी भक्कम भिंतीलगत असेल तर बरेच निभावते. शाखेची मर्यादा शिल्लक असली तरी सगळे कर्ज एकाच कर्जदाराला देऊ नये, तसेच हे.

ते शिक्षण मला महागात मिळाले होते. नोकरीत असताना भाड्याच्या जुन्या इमारतीत आम्ही लोखंडी तिजोरी वरच्या मजल्यावर चढवली. दोन महिन्यांनी खालच्या दुकानदाराचे दार चौकटीत अडकू लागले. आम्ही सुताराकडून दार तासून घेतले! तुळई वाकली आहे, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

आमची माडी तर कडीपाटाची. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीची भर. त्यावर वडिलांनी हौसेने शहाबादी फरशी घातली, म्हणजे ओझे आधीच वाढवलेले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरची जड माळवदे यांनीच कितीतरी जीव घेतले, हे मी विसरलेलो नाही. आपल्या पूर्वजांनी धान्य पेवात, बळदात ठेवले, माडीवर नाही.

तरी नकार देण्याआधी पाहावे म्हणून गावच्या सुताराला बोलावले. पेटी कड्यांना आडवी ठेवली तर वजन चार-पाच कड्यांवर पडते, कड्यांच्या दिशेने ठेवली तर एक-दोनच कड्या भरडतात, हे त्याने न विचारता सांगितले. मग वहिनींच्या पलंगावर स्टूल ठेवून तो चढला आणि कडीच्या भिंतीतल्या टोकाला पटाशी लावली. पटाशी शिळ्या भाकरीत शिरावी तशी आत गेली. शेजारच्या कडीचेही तेच. पन्हाळीचे पाणी किती पावसाळे भिंतीत मुरत होते कोण जाणे. पेटी नसती तरी त्या कड्या राहिल्या असत्या असे नाही.

त्या रात्री वहिनी प्रथमच ओटीवर झोपल्या.

पन्हाळ बदलली. भिंतीलगत कड्यांखाली लोखंडी गर्डर घातला, दोन खांबांवर घेतला, खांबांना दगडी उथळे दिले. पेटीच्या दुप्पट खर्च आला. पेटी पडवीत, भरीव जोत्यावर बसवली; ऊन लागून शेवाळ धरू नये म्हणून पूर्वेला पडदा. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वहिनी परत आपल्या पलंगावर गेल्या आहेत. एक खांब उशाशीच आला, त्याला धरून उठतात. पंपाची घरघर रात्रभर ऐकू येते, ही त्यांची नवी तक्रार.