लेकराच्या दप्तरात अख्खा समाज भरू नका



आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता मेडिकल, इंजिनिअरिंग, लॉ, नर्सिंगला जाऊ लागली आहेत. कुणाचा नंबर लागला की विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो. व्हायलाच पाहिजे. पण त्यातलीच काही मुलं सहा महिन्यांनी आमच्याकडे येतात ती वेगळ्याच तक्रारी घेऊन. डोकं सारखं दुखतं. परीक्षा आली की पोटात गोळा येतो. छातीत धडधडतं, रात्री दोन वाजले तरी डोळा लागत नाही. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. मग जवळ बसवून बोलतं केलं की खरी गोष्ट बाहेर येते: मी नापास झालो तर लोक म्हणतील, यांचं हे असंच.

शेजारच्या बाकावरचा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आपलं पोर नापास झालं तर त्याला वाटतं, आपल्यामुळे समाज नापास झाला. वर्गात आरक्षणाचा विषय निघाला की माना त्याच्याकडेच वळतात. 'नीटला स्कोअर किती?' हा प्रश्न कशासाठी विचारला गेला, हेही त्याला कळतं. पोर गेलेलं असतं शिकायला, पण त्याला वकील होऊन समाजाची बाजू मांडायला लावतात. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना काय सोसावं लागतं, हे प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच अहवालात लिहून ठेवलं आहे.

हे ओझं अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्यार्थीही वाहतात. त्यांचं दुःख आपल्या दुःखाच्या जवळचं आहे हे बाबासाहेबांनी जाणलं होतं. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. त्याच अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरॉनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मुलांना अवघड पेपर दिला. काहींना सांगितलं, यातून तुमची बुद्धी मोजणार आहोत. काहींना तसं काही सांगितलं नाही. बुद्धी मोजणार म्हटल्यावर कृष्णवर्णीय मुलांचे गुण घसरले. तसं न म्हणता तोच पेपर दिला तेव्हा ती तेवढी मागे पडली नाहीत.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात कुणी काढली नाही तेव्हा दलित मुलं आणि उच्चजातीय मुलं जवळपास बरोबरीत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेले भूलभुलैये कमी झाले. मुलं तितकीच हुशार होती, डोक्यावरचं ओझं तेवढं वाढलं होतं. असा परिणाम प्रत्येक ठिकाणी सारखाच दिसतो असं नाही. कुठे जास्त दिसला, कुठे कमी.

शरीरात काय होतं ते समजून घेऊ. एका वेळी लक्षात धरून काम करायची मेंदूची जागा मर्यादित असते. एकाच शेगडीवर दोन पातेली ठेवली तर दोन्ही नीट शिजत नाहीत. गणित सोडवता सोडवता 'लोक काय म्हणतील' हेही डोक्यात शिजत असेल, तर गणिताला आच कमी पडते. भीतीने अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही रसायनं रक्तात वाढतात, नाडी जलद होते. पेपरपुरतं असेल तर शरीर ते सोसतं. रोजचंच झालं तर झोप, भूक, पचन, पाळी, सगळं बिघडतं.

शेरमन जेम्स या संशोधकाने १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांचं बीपी तपासलं. 'कितीही कष्ट पडोत, मी करूनच दाखवीन' ही जिद्द मोठी पण शिक्षण कमी, अशांचं बीपी जास्त निघालं. तितकीच जिद्द आणि जोडीला शिक्षण असलेल्यांचं तेवढं नव्हतं. याला त्यांनी जॉन हेन्रीचं नाव दिलं. तिकडच्या लोककथेतला हा मजूर हातोडा घेऊन यंत्राशी शर्यत लावतो, जिंकतो आणि तिथेच कोसळून मरतो.

म्हणून आमचं सांगणं आहे की मुलांची जिद्द कमी करू नका, साधनं वाढवा. बाबासाहेब एकटे झिजले ते पुढच्या लेकरांना एकटं झिजावं लागू नये म्हणून.

घरात काय करता येईल?

फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. जेवलास का, झोपलीस का, मित्र-मैत्रिणी झाल्या का, हे आधी विचारा. 'समाजाचं नाव राख' हे रोज ऐकवायची गरज नाही, ते त्याला पाठ आहे. 'एखादा विषय राहिला तरी घर तुझंच आहे' हे मात्र तोंडाने बोलून दाखवा.

जयंतीला सलग अठरा तास अभ्यास करून अभिवादन करतो, ते चांगलंच. ते एका दिवसाचं. एरवी कॉलेजातल्या मुलाला सात ते नऊ तास झोप हवीच, शाळकरी वयात त्याहून जास्त. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत.

सत्कार करणाऱ्या मंडळाने हारासोबत एवढंही विचारावं: स्कॉलरशिप महाडीबीटीवर अडकली आहे का? जात पडताळणी झाली का? त्या कॉलेजातला आपला कुणी सीनियर आहे का? समाजकल्याण कार्यालयात मुलासोबत कुणी गेलं तरी त्याचं अर्धं डोकं मोकळं होतं.

मुलांनो, वर्गात कुणी सगळ्या समाजाच्या वतीने उत्तर मागितलं तर 'मी माझ्यापुरतं सांगते' किंवा 'आज मला यावर बोलायचं नाही' एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. टोमणे, भेदभाव होत असेल तर तारीख टाकून लिहून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. भेदभाव करणारा चुकतो, सोसणारा कमजोर नसतो.

पोर घरचे फोन टाळू लागलं, खाणंपिणं तुटलं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोललं, तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, ओरडू नका, शांतपणे ऐकून घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नाही. ताप आला की दवाखान्यात जातो, तसंच हे.

आज रात्री हॉस्टेलवर फोन लावा. मार्कांचं राहू द्या. आवाज कसा आहे तेवढं ऐका.

जय भीम, नमो बुद्धाय.